बँकर लागला की वडा

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते ती आपल्या सोयीसाठी, असा प्रवाशांचा समज असतो. खरं कारण गाडीच्या पुढ्यात उभं असतं. बोरघाट. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा तो चढ. लोणावळ्याला पोचेपर्यंत गाडीला पाचशे मीटरहून जास्त उंची गाठायची असते, आणि पुढचं इंजिन कितीही दांडगं असलं तरी मागून रेटा लागतोच. म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटाला आणखी दोन-तीन इंजिनं लावतात. त्यांना म्हणतात बँकर.

शेवटच्या डब्यातल्या माणसाला बँकर दिसत नाही, पण लागल्याचं कळतं. गाडी उभी असताना पाठीत एक हलका दणका बसतो, फळीवरची पिशवी चार बोटं सरकते, डुलकी लागलेला कोणी दचकून "लोणावळा आलं का?" असं विचारतो. खाली कपलर अडकतो, हवेच्या नळ्या जोडल्या जातात, पुढचं इंजिन आणि मागची इंजिनं एकमेकांना शिट्ट्या देतात. सगळा मिळून दोन-तीन मिनिटांचा मामला. आणि नेमकी तेवढीच मिनिटं फलाटावर दुसरीच एक यंत्रणा पूर्ण वेगात चालू असते. गाडी येईपर्यंत फलाट पेंगत असतो. चाकं थांबायच्या आत टोपल्या खिडक्यांशी पोचलेल्या असतात. खिडकीच्या गजांतून नोट बाहेर, वडा आत, सुटे पैसे आत, "चटणी टाक की जरा" बाहेर. शिट्टी झाली की शेवटच्या गिऱ्हाइकाचे सुटे पैसे चालत्या गाडीबरोबर धावत जाऊन दिले जातात. मग फलाट पुन्हा पेंगायला मोकळा. कर्जत स्टेशनावरच्या दिवाडकरांचा वडा महाराष्ट्रभर गाजला तो या दोन-तीन मिनिटांच्या भांडवलावर. रेल्वेच्या कुठल्याही वेळापत्रकात वड्याचा उल्लेख नाही. रेल्वे फक्त बँकर लावते. वडा आपोआप सुरू होतो.

याची उलट बाजूही बघण्यासारखी आहे. 10 फेब्रुवारी 2023 पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत धावू लागली. तिच्या डब्यांखालीच मोटारी बसवलेल्या, त्यामुळे ती बँकरशिवाय घाट चढते आणि कर्जतला थांबतही नाही. जोडणी नाही, म्हणून वडाही नाही. आतल्या लोकांना थंडगार हवा मिळते, ताटलीतलं जेवण मिळतं, पण माझ्या मते त्यांचा प्रवास मधूनच एक पान फाडलेल्या पुस्तकासारखा होतो.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या शेजारचे काका. काकांची उभी नोकरी घाटात बँकरवर गेली. आता घरी असतात. माझा एक जुना लॅपटॉप, ज्याच्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं आहे, तो त्यांच्याकडे आहे. त्यात नातवंडांचे फोटो, जुन्या सहकाऱ्यांच्या निरोपसमारंभांचे फोटो आणि स्वतः काढलेले इंजिनांचे शेकडो फोटो. कर्जतच्या पावसाळ्यात वीज कधी तारांतून जाते, कधी ढगांतून येते. दोन्ही प्रकार लॅपटॉपला मानवत नाहीत. म्हणून या फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर असावी, असं ठरलं.

काकांची अट एकच. "हे बघ, मला तो उंदीर फिरवायला सांगू नकोस. मी डिस्क लावीन. पुढचं त्याचं त्याने बघावं."

"काका, तेवढं जमेल."

"जमेल म्हणजे? कर्जतला बँकर लागला की कोणी सांगतं का वडेवाल्याला? याला एवढं शिकवायला काय झालं?"

काय झालं, ते मोठं लांबण आहे. यंत्राला काही जोडलं की त्याने ते ओळखावं आणि त्याला लागणारी सेवा आपणहून सुरू करावी, ही गोष्ट फलाटावर जितकी सहज दिसते तितकी कॉम्प्युटरमध्ये नव्हती. पूर्वी नवीन कार्ड बसवायचं तर यंत्र बंद करा, झाकण उघडा, चिमट्याने जंपर इकडचा तिकडे करा, आणि चालू करताना देवाचं नाव घ्या. विंडोज 95 ने 'लावा आणि वापरा' असा पुकारा केला. 20 एप्रिल 1998 रोजी शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्सच्या साक्षीने विंडोज 98 चं प्रात्यक्षिक चाललं होतं. त्यांच्या सहकाऱ्याने स्कॅनर जोडला आणि भल्यामोठ्या पडद्यावर विंडोज कोलमडल्याचा तो सुप्रसिद्ध निळा रंग पसरला. सभागृह हसून हसून लोळलं. गेट्स म्हणाले, म्हणूनच तर अजून हे बाजारात आणलेलं नाही. हजरजबाबीपणाचे मार्क द्यायलाच हवेत.

लिनक्सची तऱ्हा वेगळी होती. तिथे यंत्र चालू होतानाच जे जे म्हणून कधी लागू शकेल ते ते सुरू करून ठेवायची रीत. प्रिंटर असो नसो, छपाईची सेवा जागी. ब्लूटूथ असो नसो, त्याची सेवा जागी. उपकरणांच्या नावांचं जे फोल्डर असे त्यात त्या यंत्राला जन्मात कधी जोडली न जाणारी हजारो नावं मांडून ठेवलेली. म्हणजे गाडी येवो न येवो, चोवीस तास कढई तापलेली.

तेल वाचवायचं कसं, हे सुचायला दोन गोष्टी घडाव्या लागल्या. पहिली यूएसबी. तिचं पहिलं प्रमाण 1996 चं. इंटेलमधल्या ज्या मंडळींनी ती घडवली त्यांत पुढे होते अजय भट्ट, आपल्या सयाजीराव महाराजांच्या नावाच्या बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले. यूएसबीत उपकरण आल्याची वर्दी देणारी गोष्ट अगदी क्षुल्लक आहे. उपकरणाच्या आत दीड किलोओहमचा एक रोधक असतो, तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान. तो माहितीच्या दोन तारांपैकी एकीला वर ओढून धरतो. कोणती तार वर गेली त्यावरून पाहुणा हळू बोलणारा की भरभर, हेही यजमानाला समजतं. मग चौकशी सुरू. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, अनुक्रमांक काय, काम काय करतोस आणि वीज किती पिणार? ओळख पटेपर्यंत 100 मिलिअँपिअरवर भागवायचं, पटल्यावर मागितली तर 500 पर्यंत. ही झाली जुन्या यूएसबीची शिस्त; आताच्या यूएसबीचा हात बराच सैल आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ही चौकशी झाल्यावर तिचं करायचं काय, ते ठरवणारा कोणी असणं. 2003 मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी लिनक्ससाठी 'युडेव्ह' आणला. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलने "अमुक आलं" अशी हाक दिली की युडेव्ह आपले नियम चाळतो, जुळणारा सापडला की त्याप्रमाणे उपकरणाला नाव देतो, हक्क देतो. नियमांच्या फायली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणून त्यांच्या नावांच्या सुरुवातीला आकडे असतात आणि आपला घरगुती नियम लोक 99 आकड्याने सुरू करतात, सगळ्यांचं बोलून झाल्यावर आपलं म्हणणं मांडावं तसा.

मग 30 एप्रिल 2010 रोजी लेनार्ट पोटरिंग यांनी एक लांबलचक लेख लिहून सगळ्या सेवा सांभाळणाऱ्या 'सिस्टमडी'ची कल्पना मांडली. त्यात त्यांनी साधा प्रश्न विचारला होता: प्रिंटर जोडलेलाच नाही आणि कोणाला काही छापायचंही नाही, तर छपाईची सेवा कशाला हवी? ब्लूटूथची तीच गत. जेव्हा लागेल तेव्हाच सुरू करा. 2012 मध्ये युडेव्ह सिस्टमडीच्याच घरात राहायला आला, आणि उपकरण ओळखणारा व सेवा चालू करणारा यांची भिंतीला भिंत लागली. यावरून लिनक्सवाल्यांत जी भांडणं झाली त्यांपुढे आमच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुका सौम्य म्हणाव्यात. डेबियन या लिनक्सच्या एका अवतारातली काही मंडळी तर 2014 साली डेव्हुआन नावाची वेगळी चूल मांडून बसली. मी सिस्टमडीच्या बाजूचा आहे. पण हे मोठ्याने बोलायचं झालं तर आधी खोलीत कोण कोण आहे ते बघून घेतो.

काकांच्या डिस्ककडे येऊ. डिस्क ओळखायची कशी, हा पहिला प्रश्न. लिनक्स डिस्कांना जी सुटसुटीत नावं देतं ती आल्या क्रमाने मिळतात. आज जी पहिली ती उद्या पेनड्राइव्ह आधी लावला तर दुसरी. त्यावर भरवसा ठेवला तर काकांच्या इंजिनांचे फोटो एखाद्या पाहुण्याच्या पेनड्राइव्हवर जाऊन बसायचे. म्हणून डिस्क तयार करताना तिला एक लांबलचक ओळखक्रमांक मिळतो, आकडे आणि अक्षरं मिळून बत्तीस, त्यावर नियम लिहायचा. मी तो काकांना दाखवला.

"बत्तीस?" काका म्हणाले. "अख्ख्या रेल्वेच्या इंजिनांना पाच आकडे पुरतात."

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, आणि इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. नियमातच लिहून टाकता येतं की हे उपकरण आलं की अमुक कमांड चालव. मोह होतो. बॅकअपची कमांड तिथेच घातली की काम झालं, असं वाटतं. पण युडेव्हचा स्वभाव कडक आहे. एकेका उपकरणाची वर्दी घ्यायची, झटपट निकाल लावायचा आणि पुढच्याकडे वळायचं, एवढंच तो मानतो. वर्दीचं काम संपलं की तिच्या पोटी जन्मलेलं जे काही चालू असेल ते तो सरळ मारून टाकतो, मग तुम्ही ते मागच्या दाराने पार्श्वभूमीत पाठवलेलं का असेना. त्याच्या माहितीपत्रकात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. दोन तास चालणारी फोटोंची नक्कल मध्येच गतप्राण होते आणि डिस्कवर अर्धामुर्धा एखादा फोटो सापडतो, बहुधा कोणाच्या तरी निरोपसमारंभातला.

काकांना हे एका वाक्यात समजलं. ज्याने कपलर अडकवायचा त्याने वडे तळायचे नसतात. तो तळत बसला तर मागच्या गाड्या कल्याणपर्यंत उभ्या राहतील.

म्हणून नियमात फक्त चिठ्ठी लिहायची: ही डिस्क आली आहे आणि हिला अमुक नावाची सेवा हवी आहे. चिठ्ठी सिस्टमडीकडे जाते. सेवेची फाईल वेगळी. तिच्यात काय करायचं, कोणाच्या नावाने करायचं, कुठे थांबायचं हे लिहिलेलं. युडेव्ह मोकळा, सिस्टमडी कामाला. डिस्क आधीपासून लावलेली असताना लॅपटॉप चालू केला, तरी चिठ्ठी तशीच पोचते.

कर्जतहून खाली खालापूरकडे गेलं तर ओळख पटली की काम सुरू, हीच गोष्ट द्रुतगती मार्गाच्या टोलनाक्यावर दिवसरात्र चाललेली दिसते. फेब्रुवारी 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. काचेवरच्या त्या चिटोऱ्यात बॅटरी नाही. वर टांगलेल्या वाचकयंत्राच्या रेडिओलहरी अंगावर पडल्या की त्याच ऊर्जेवर तो क्षणभर जागा होतो, आपला क्रमांक सांगतो आणि पुन्हा झोपतो. क्रमांकावरून गाडीचा वर्ग, वर्गावरून रक्कम, रक्कम कापली की दांडा वर. आणि टॅग वाचला गेला नाही तर केबिनमधून एक माणूस हातात छोटं वाचकयंत्र घेऊन उन्हात येतो आणि काचेला ते अगदी चिकटवून धरतो. मागचे भोंगे सुरू होतात ते मात्र खरोखर आपोआप.

ओळख पटवणं हा मात्र दुधारी प्रकार आहे. ज्यांनी 2007-08 च्या सुमाराला कचेरीजवळच्या टायपिंगच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला आहे त्यांना 'न्यू फोल्डर' नावाचा तो पाहुणा आठवत असेल, जो फोल्डरचा वेष घेऊन यायचा आणि निघायचं नाव घेत नसे. पेनड्राइव्ह लावताच त्यातला कार्यक्रम आपणहून चालवायचा, ही विंडोजची सोय किड्यांनी मनापासून उचलली होती. 2011 च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवर पेनड्राइव्हपुरती ती सोय काढून घेतली. 2014 मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल या दोघांनी दाखवून दिलं की पेनड्राइव्हच्या आतलाच प्रोग्राम बदलला तर तो "मी कीबोर्ड आहे" असं बेधडक सांगतो, यंत्र विश्वास ठेवतं आणि तो आपोआप टायपायला लागतो. म्हणून काकांच्या सेवेत एक पथ्य पाळलं आहे. ती डिस्कवर लिहिते. डिस्कवरचं काहीही चालवत नाही. वडा द्यायचा, गिऱ्हाइकाच्या डब्यातलं खायचं नाही.

आता उरतो तो थांबण्याचा प्रश्न. डिस्क कोणी मध्येच उपटली तर सुरू झालेल्या सेवेचं काय? सिस्टमडीत नात्यांचे प्रकार आहेत. 'असलं तर बरं' हे एक नातं. समोरचा आला नाही तरी आपण आपलं चालू ठेवायचं. 'असल्याशिवाय सुरूच होणार नाही' हे दुसरं. तिसरं सगळ्यांत घट्ट: तो गेला की मीही थांबणार, कारण काहीही असो. काकांच्या बॅकअपला हे तिसरं नातं लावलं आहे.

या तिसऱ्या नात्याचं या भागातलं उदाहरण मी कर्जतच्या शेतांत बघतो. भिवपुरीचं टाटांचं वीजघर 1922 चं, खोपोलीचं त्याहून जुनं, 1915 चं. घाटमाथ्यावरचं धरणाचं पाणी नळांतून खाली कोसळतं, चक्रं फिरवतं, वीज मुंबईला जाते. पाणी कुठे जातं? खोपोलीचं पाताळगंगेत, भिवपुरीचं उल्हास नदीत आणि राजनाला नावाच्या कालव्यात. राजनाल्याच्या जिवावर कर्जत तालुक्यात उन्हाळ्यातही भात उभा राहतो. एप्रिलमध्ये सगळा डोंगर करपलेला असताना खाली हिरवेगार चौकोन दिसतात ते त्याचेच. म्हणजे मलबार हिलवर कोणी गरम होतंय म्हणून एसीचं बटण दाबतो, भिवपुरीत चक्र फिरतं आणि कर्जतमधल्या भाताच्या मुळाशी पाणी पोचतं. दाबणाऱ्याला कर्जत कुठे आहे हे माहीत असायची गरज नाही. पण चक्र थांबलं की कालव्याची धारही आटते, आणि शेतकऱ्याला ते सगळ्यांच्या आधी कळतं. एवढं घट्ट नातं कुठल्या फाईलमध्ये लिहिलं असतं तर निदान वाचून तरी दाखवता आलं असतं.

काही सेवा कायमच्या बंद होतात, तेही या भागाने बघितलं आहे. बोरघाटातून रेल्वे सुरू झाली 1863 साली. त्याआधी 1856 पासून मुंबईची गाडी खोपोलीला येऊन संपायची आणि 1858 पासून वर खंडाळ्याहून पुण्याची गाडी सुटायची. मधला घाट प्रवाशांनी पालखीत, तट्टावर, बैलगाडीत बसून चढायचा. खाली गाडी आली की भोयांची धांदल. मग रूळ जोडले गेले आणि पालख्यांचं काम उरलं नाही. बँकर निदान रोज सुटतो आणि रोज परत येतो: लोणावळ्याला गाडीपासून मोकळा झाला की उतरून पुन्हा कर्जतला पुढच्या गाडीसाठी उभा.

काकांची शेवटची अडचण मला सुचलीच नव्हती. डिस्क लावली, काम सुरू झालं. पण काढायची कधी? पडद्यावर बघायला ते तयार नाहीत. "शिट्टी झाल्याशिवाय आम्ही गाडी सोडत नव्हतो," ते म्हणाले. तेव्हा सेवेच्या शेवटी दोन ओळी वाढवल्या. नक्कल पूर्ण झाली की डिस्क लिनक्सपासून रीतसर सोडवायची आणि लॅपटॉपने बीप वाजवायचा. काका आता डिस्क लावतात, चहा घेतात, बीप ऐकतात, डिस्क काढून कपाटात ठेवतात. बीप इंजिनासारखा भरदार नाही, ही तक्रार कायम आहे.

तुमच्याकडे जुना लॅपटॉप आणि एखादी रिकामी डिस्क पडून असेल तर हा उद्योग जरूर करा. दोन छोट्या फायली पुरतात, एक नियमाची आणि एक सेवेची. नियमात कमांड लिहू नका, नुसती चिठ्ठी लिहा. डिस्क तिच्या बत्तीस अक्षरी क्रमांकानेच ओळखा. नियम बदलला की युडेव्हला तो पुन्हा वाचायला सांगा आणि डिस्क काढून परत लावा. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधला एखादा फोटो उघडून बघा. ही सेवा अजून कुठलंही उपकरण जोडून आपोआप सुरू होत नाही.